साईटवर अपघात झाला तर: गोव्यातल्या बांधकाम कामगाराने भरपाई कशी मागायची

पर्वरीत स्लॅबचं काम चालू असतं. परांचीची फळी सरकते, सेंट्रिंगवाला खाली येतो. 108 बोलावून त्याला बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात नेतात. तो शुद्धीत नसतो, त्यामुळे नाव, गाव, कसा पडला हे मुकादमच सांगतो. केस पेपरवर ‘घरी पडला’ असं गेलं, तर पुढचं सगळं भांडण त्या दोन शब्दांशी होतं. म्हणून सोबत गेलेल्याने अमुक साईटवर, काम करताना, इतक्या वाजता पडला, असंच लिहून घ्यावं. शुद्धीवर आल्यावर कामगारानेही डॉक्टरांना आणि पोलिसांना तेच सांगावं. बाकीचे कागद मागाहून जमवता येतात, पण हा एक कागद चुकला की निस्तरताना जीव मेटाकुटीला येतो.

हक्क कुणाला? काम करताना आणि कामामुळे इजा झालेल्या प्रत्येकाला. मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. 1923 चा नुकसानभरपाई कायदा 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला, तरी हा पाया तोच आहे. रोजंदारीवरचा, परराज्यातला, नेमणूकपत्र नसलेला, बांधकाम कामगार कल्याण मंडळात नाव नसलेला, सगळे यात येतात. माणूस पोटठेकेदाराचा असला तरी बिल्डरकडून भरपाई मागता येते. ‘हेल्मेट घातलं नव्हतं’ हे उत्तर हमखास मिळतं. पण हेल्मेट दिलंच नसेल तर ते टिकत नाही, आणि मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर ही सबब चालतच नाही. ईएसआयचा (कर्मचारी राज्य विमा योजनेचा) विमा असेल तर मात्र हा दावा करता येत नाही, लाभ ईएसआयकडूनच घ्यावा लागतो.

रक्कम पगार आणि वय यांवर ठरते. 2020 पासून हिशेबासाठी महिन्याचा पगार जास्तीत जास्त 15,000 रुपये धरतात. वयाप्रमाणे कायद्याने एक गुणांक ठरवलेला असतो, 30 वर्षांच्या कामगाराचा तो 207.98 आहे. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर पगाराच्या 60 टक्के गुणिले हा आकडा, म्हणजे 18,71,820 रुपये. मृत्यू झाल्यास 50 टक्क्यांनी 15,59,850. हाताचा अंगठा गेला तर कमाईची क्षमता 30 टक्के घटली असं कायद्याचं परिशिष्टच सांगतं, त्याचे 5,61,546 रुपये होतात. तात्पुरतं घरी बसावं लागलं तर दर पंधरवड्याला पगाराच्या 25 टक्के मिळतात. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा, म्हणून औषधाचं एकही बिल टाकू नका.

कागद कोणते? आधार आणि वयाचा दाखला, केस पेपर, डिस्चार्ज कार्ड, अपंगत्वाची टक्केवारी सांगणारा डॉक्टरांचा दाखला, एफआयआर किंवा पंचनाम्याची प्रत. मृत्यू झाला असेल तर मृत्यूचा दाखला, शवविच्छेदन अहवाल आणि वारसांचे पुरावे. खरी अडचण येते ती तिथे कामाला होतो हे दाखवताना. हजेरीवहीच्या पानाचा फोटो, यूपीआयवर आलेली मजुरी, ‘उद्या आठला ये’ असा मुकादमाचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, सोबतच्या मेस्तांची साक्ष, यातलं जे असेल ते जपा. फोन बदलताना असे मेसेज पुसले जातात, म्हणून आधीच प्रिंट काढून ठेवा.

आधी मालकाला लेखी कळवा आणि पोच घ्या. मग भरपाईच्या दाव्यांवर निर्णय देणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे दावा दाखल करायचा. चौकशीला पणजीत पाटोवरच्या श्रमशक्ती भवनात कामगार आयुक्तालय आहे, दक्षिणेतल्यांनी मडगावचं कामगार कार्यालय गाठावं. मुदत अपघातापासून दोन वर्षं. सावंतवाडी-दोडामार्गहून येणाऱ्यांना पणजीच्या खेपा घालायलाच हव्यात असं नाही, राहत्या ठिकाणच्या अशा अधिकाऱ्याकडेही दावा करता येतो. मालकाने महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर 12 टक्के व्याज लागतं, आणि सबळ कारण नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंडही.

कल्याण मंडळाची मदत यापेक्षा वेगळी. वय 18 ते 60 आणि वर्षात 90 दिवस बांधकामावर काम, एवढ्यावर नोंदणी होते. ती अपघाताआधीच करून ठेवावी.

हॉस्पिटलात खाटेजवळ येऊन कुणी वीस-तीस हजार पुढे करतो आणि कोऱ्या कागदावर सही मागतो. ती करू नका. मृत्यूच्या प्रकरणात तर मालकाला भरपाई दावा ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते, घरच्यांच्या हातात दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरली जात नाही. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत देतं. त्यासाठी 15100 वर फोन करा.