गिझर चालतो म्हणून गाडीही चालेल?

'ज्या सॉकेटवर गिझर चालतो, त्यावर इलेक्ट्रिक कारही बिनधास्त चार्ज होते,' हा समज धोकादायक आहे. २ किलोवॅटचा गिझर सुमारे ९ अँपिअर घेतो आणि पाणी तापलं की थर्मोस्टॅट तो बंद करतो. ३.३ किलोवॅटचा चार्जर मात्र २३० व्होल्टवर १४ अँपिअरहून जास्त प्रवाह तासन्‌तास, बहुधा रात्रभर, ओढतो. सैल स्क्रू किंवा बारीक वायर तिथेच तापते, प्लग वितळतो. एमसीबी (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की वीज तोडणारा स्विच) पडेलच असं नाही, कारण प्रवाह मर्यादेतच असतो!

म्हणून पार्किंगमधल्या सॉकेटला मीटरपासून स्वतंत्र, पुरेशा जाडीची तांब्याची वायर, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि अर्थिंग आहे का, हे परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. एक्स्टेंशन बोर्ड तर कृपा करून वापरूच नका.