लिनक्स डेस्कटॉपवरील आवाजाच्या पातळीचे दोष

लिनक्स डेस्कटॉपवरील आवाजाच्या पातळीचे दोष : लिनक्सवर चालणाऱ्या संगणकाचा आवाज पुरेसा मोठा न येणे, अचानक बंद पडणे, पट्टी जराशी सरकवताच दणदणणे, एकाच कानात ऐकू येणे किंवा वाढवल्यावर फाटणे हे प्रकार यात मोडतात. यातल्या फार थोड्या तक्रारींत साऊंड कार्ड खरोखर बिघडलेले असते. प्रोग्रामपासून स्पीकरपर्यंत जाताना आवाज चार-पाच नियंत्रणांतून जातो. त्यांपैकी एखादे खाली उतरलेले, बंद केलेले किंवा भलत्याच उपकरणाकडे वळलेले असते. ते शोधून जागेवर आणणे म्हणजे दुरुस्ती. वरची पट्टी १५० टक्क्यांवर नेणे ही मलमपट्टी, आणि बहुतेक वेळा तीही चुकीच्या जागी.

नागपुरात या तक्रारी उन्हाळ्यात हमखास वाढतात. पारा ४५ अंशांकडे सरकला की खोलीत डेझर्ट कूलर सुरू होतो आणि त्याच्या पंख्यापुढे मॉनिटरमधले किंवा कॅबिनेटमधले छोटे स्पीकर ऐकूच येत नाहीत. वापरणारा पट्टी वाढवतो, आवाज फाटतो आणि दोष लिनक्सच्या माथी जातो. सीताबर्डीच्या दुकानांतून जोडून घेतलेले असेंबल्ड संगणक आणि कार्यालयांतून निघालेले जुने डेस्कटॉप यांच्या काही खास खोडी आहेत. त्या पुढे योग्य जागी येतात.

आवाजाचे थर : सर्वांत खाली कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, अल्सा आहे. यारोस्लाव्ह किसेला यांनी १९९८ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प कर्नल २.६ पासून, म्हणजे २००३ च्या अखेरीस, ओएसएस या जुन्या व्यवस्थेच्या जागी मुख्य झाला. कार्डाच्या चिपमधली खरी नियंत्रणे त्याच्या हाती असतात. त्याच्या वर ध्वनी-सर्व्हर बसतो, जो सगळ्या प्रोग्रामचे आवाज एकत्र करून कार्डाकडे पाठवतो. फेडोरा, उबुंटू, मिंट या लिनक्सच्याच वेगवेगळ्या वाणांत तो बदलत गेला. लेनार्ट पटरिंग यांचा पल्सऑडिओ हा सर्व्हर २००७ मध्ये फेडोरा ८ पासून आणि २००८ मध्ये उबुंटू ८.०४ पासून सरसकट आला. विम टायमन्स यांच्या पाइपवायरने त्याची जागा २०२१ मध्ये फेडोरा ३४ मध्ये, उबुंटूत २२.१० पासून आणि लिनक्स मिंटमध्ये आवृत्ती २२ पासून घेतली. पाइपवायरसोबत वायरप्लंबर हा व्यवस्थापक असतो. कोणता आवाज कोणत्या उपकरणाकडे जाईल आणि पूर्वीची पातळी काय होती हे तोच लक्षात ठेवतो. सर्वांत वर ब्राउझर किंवा व्हीएलसीसारख्या प्रोग्रामची स्वतःची पट्टी आणि डेस्कटॉपच्या कोपऱ्यातली पट्टी.

आपल्याकडे कोणता सर्व्हर आहे हे 'पॅक्टल इन्फो' या आज्ञेने कळते. 'सर्व्हर नेम' या ओळीत नुसते पल्सऑडिओ असेल तर तोच. 'ऑन पाइपवायर' असे जोडलेले असेल तर पाइपवायर. हे आधी पाहून घ्यावे, कारण इंटरनेटवरचे निम्मे उपाय दुसऱ्या सर्व्हरसाठी लिहिलेले असतात.

पट्टीचे गणित : पट्टीवरचे टक्के सरळ प्रमाणात नसतात. पल्सऑडिओ आणि पाइपवायर दोन्ही घनाचे सूत्र वापरतात, म्हणून ५० टक्के म्हणजे निम्मा संकेत नव्हे, तर एक अष्टमांश, उणे १८ डेसिबल. ७५ टक्के म्हणजे सुमारे उणे ७.५, तर २५ टक्के म्हणजे उणे ३६. एकामागून एक लागलेल्या पट्ट्यांचा गुणाकार होतो. प्रोग्रामचा प्रवाह ५० टक्क्यांवर आणि मुख्य पट्टीही ५० वर असेल, तर हाती उणे ३६ डेसिबल येते, म्हणजे एकच पट्टी २५ टक्क्यांवर ठेवल्याइतके. दोन्ही पट्ट्या अर्ध्यावर असूनही आवाज इतका बारीक का, याचे उत्तर एवढेच आहे.

१०० टक्के म्हणजे शून्य डेसिबल. त्यापुढे सर्व्हर संकेताला आकड्यांत गुणतो आणि लाटेची टोके छाटली जातात. कानाला तेच फाटणे म्हणून ऐकू येते. पॅव्हूकंट्रोल या आवाज-नियंत्रणाच्या प्रोग्रामची पट्टी १५३ टक्क्यांपर्यंत जाते, म्हणजे अधिक ११ डेसिबल. मुळातच हळू ध्वनिमुद्रित झालेल्या व्याख्यानाला ही सवलत उपयोगी पडते, कारण त्यात वर जागा शिल्लक असते. आजकालच्या गाण्यांत ती नसते. ग्नोम या डेस्कटॉपमध्ये ही मुभा ध्वनीच्या सेटिंगमधल्या 'ओव्हर-अ‍ॅम्प्लिफिकेशन' या बटणाने मिळते, केडीईत कमाल आवाज वाढवण्याच्या खुणेने, तर मिंटच्या सिनॅमनमध्ये कमाल पातळीच्या वेगळ्या पट्टीने.

तपासणी : आधी पॅव्हूकंट्रोल बसवावे. पाइपवायर असला तरी ते चालते. गाणे वाजत ठेवून पहिला 'प्लेबॅक' टॅब उघडावा. प्रोग्रामच्या नावाखालची आवाज दाखवणारी पट्टी हलत असेल तर आवाज सर्व्हरपर्यंत पोचतो आहे आणि दोष खाली आहे. हलत नसेल तर दोष प्रोग्राममध्येच आहे. ब्राउझरच्या टॅबवर स्पीकरची खोडलेली खूण असणे हे त्याचे नेहमीचे कारण. 'प्लेबॅक' टॅबमध्येच त्या प्रोग्रामची पातळी दिसते. वायरप्लंबर ती नावानिशी लक्षात ठेवतो, म्हणून एखाद्या वेळी ब्राउझरचा आवाज २० टक्क्यांवर आणला असेल तर तो पुढच्या वेळीही २० वरच उघडतो. संगणक पुन्हा सुरू करूनही हे जात नाही, आणि म्हणूनच अनेकांना ते बिघाड वाटते.

त्यानंतर 'आउटपुट डिव्हायसेस' टॅब. एचडीएमआयने जोडलेला मॉनिटर असेल तर आवाज तिकडे वळलेला असू शकतो. मॉनिटरला स्पीकर नसले तरी संगणकाच्या लेखी ते उपकरण हजर असते. हव्या त्या उपकरणापुढची हिरवी बरोबरची खूण दाबली की ते मुख्य होते. खाली 'पोर्ट'ची यादी असते, त्यात 'हेडफोन्स'पुढे 'प्लग्ड इन' की 'अनप्लग्ड' ते लिहिलेले असते. कुलपाची खूण उघडी असेल तर डावा-उजवा वेगवेगळे सरकतात. एका कानात हळू येण्याचे सॉफ्टवेअरमधले कारण बहुधा हेच.

शेवटच्या 'कॉन्फिगरेशन' टॅबमध्ये कार्डाचे प्रोफाइल, म्हणजे ते कोणत्या पद्धतीने वापरायचे याची निवड, असते. साध्या वापराला 'अ‍ॅनालॉग स्टीरिओ आउटपुट' किंवा त्यासोबत इनपुट असलेले 'ड्युप्लेक्स' निवडावे. 'प्रो ऑडिओ' हे नाव भुरळ घालते, पण त्यात सर्व्हर कार्डाची नियंत्रणे हलवतच नाही. चिपमधले मास्टर खाली असेल तर ते खालीच राहते आणि वरच्या पट्टीने काही होत नाही.

इथवर सगळे ठीक असेल तर टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर, म्हणजे कार्डाची नियंत्रणे दाखवणारा प्रोग्राम, उघडावा. इथे बहुतेक जण अडतात, कारण उघडल्यावर एकच उंच खांब दिसतो. तो सर्व्हरचा असतो, कार्डाचा नव्हे. एफ-६ दाबून यादीतून खरे कार्ड निवडावे. इंटेलच्या बोर्डवर त्याचे नाव 'एचडीए इंटेल पीसीएच', एएमडीवर 'एचडी-ऑडिओ जेनेरिक' असे काहीसे असते. मग मास्टर, हेडफोन, स्पीकर, पीसीएम, फ्रंट असे खांब रांगेने येतात. खांबाखालच्या चौकटीत 'एमएम' असेल तर तो बंद आहे. एम ही कळ दाबली की तिथे 'शून्य-शून्य' येते आणि तो उघडतो. वरच्या बाणाने पातळी वाढते. निवडलेल्या खांबाचे डेसिबल वर डाव्या कोपऱ्यात दिसतात. मास्टर आणि पीसीएम सर्व्हर स्वतःच हलवत असल्याने तिथे हाताने ठेवलेले आकडे मुख्य पट्टी हलताच बदलतात. सर्व्हर ज्यांना हात लावत नाही अशा खांबांसाठी हा फेरा कामाचा. बदल पुढच्या सुरुवातीला टिकत नसतील तर रूटच्या, म्हणजे प्रशासकाच्या, अधिकाराने 'अल्सा-सीटीएल स्टोअर' ही आज्ञा द्यावी.

ऑटो-म्यूट आणि पुढचे जॅक : अल्सामिक्सरच्या उजव्या टोकाला बहुतेक बोर्डांवर 'ऑटो-म्यूट मोड' असतो. पुढच्या जॅकमध्ये हेडफोन लागला की मागच्या हिरव्या जॅकवरचे स्पीकर बंद करणे हे त्याचे काम. पुढच्या जॅकची पत्ती वाकलेली असेल किंवा त्यात धूळ बसली असेल तर कार्डाला हेडफोन कायम लागलेलाच दिसतो आणि स्पीकर मुके होतात. नागपूरच्या वैशाखातल्या वावटळींनंतर ही तक्रार नवी नाही. संगणक बंद करून पिनेला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावावे आणि ती आठ-दहा वेळा आत-बाहेर करावी. तेवढ्याने भागले नाही तर ऑटो-म्यूट 'डिसेबल्ड' करून पॅव्हूकंट्रोलमध्ये 'लाइन आउट' हे पोर्ट हाताने निवडावे.

असेंबल्ड संगणकांतली खोडी वेगळी. कॅबिनेटच्या पुढच्या पॅनलमधून आलेल्या ऑडिओच्या वायरला पुष्कळदा दोन प्लग असतात, एकावर 'एचडी ऑडिओ' आणि दुसऱ्यावर 'एसी ९७' छापलेले. मदरबोर्डवरच्या नऊ पिनांच्या जागेत घाईत दुसरा बसवला जातो. मग आवाज कधी येतो, कधी येत नाही. पण जॅकची ओळख पटत नाही आणि हेडफोन लावूनही 'अनप्लग्ड' दिसते. प्लग बदलणे हा दोन मिनिटांचा उपाय. बायोसमध्ये पुढच्या पॅनलचा प्रकार निवडण्याची सोय असेल तर तिथेही 'एचडी' ठेवावे.

गाणे वाजते, तबला-पेटी ऐकू येते, पण गाणाऱ्याचा गळाच गायब, आणि एकूण आवाजही पोकळ व हळू : हे लक्षण दिसले की सॉफ्टवेअर सोडून द्यावे. पिन पूर्ण आत गेलेली नसते किंवा वायरमधली ग्राउंडची तार तुटलेली असते. त्यामुळे डाव्या-उजव्यातला फक्त फरक ऐकू येतो आणि दोन्हींत सारखा असलेला मधला आवाज कटतो.

घरघर : कूलर सुरू होताच स्पीकरमध्ये ५० हर्ट्झची घरघर येत असेल तर पट्टी म्यूट करून पाहावी. ती तशीच राहिली तर लिनक्सचा काही संबंध नाही; अर्थिंग नसलेला दोन पिनांचा बोर्ड किंवा वेगवेगळ्या सॉकेटवर लावलेले संगणक व स्पीकर यातून ती येते. दोन्ही एकाच तीन पिनांच्या बोर्डावर घ्यावेत, कूलर दुसऱ्या सॉकेटवर. स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असलेल्या २.१ स्पीकरांत संगणकाची पट्टी ९०-१०० वर आणि स्पीकरचा नॉब कमी ठेवला की सळसळही कमी ऐकू येते.

उडी मारणारा आवाज : काही कार्डे, विशेषतः स्वस्त यूएसबी साऊंड कार्डे, आपल्या पातळ्यांची चुकीची डेसिबल माहिती देतात. मग पट्टी २० पर्यंत काहीच ऐकू येत नाही आणि पुढच्याच टप्प्यावर कानठळ्या बसतात. पल्सऑडिओत डिफॉल्ट-डॉट-पीए या फाइलमधल्या 'युडेव्ह-डिटेक्ट' मॉड्यूलच्या ओळीला 'इग्नोर-डीबी' एक असा जोड देतात. पाइपवायरमध्ये त्या कार्डासाठी वायरप्लंबरचा नियम लिहून 'सॉफ्ट-मिक्सर' चालू करता येतो. मग सारी पातळी सर्व्हर सांभाळतो आणि कार्डाची नियंत्रणे अल्सामिक्सरमधून एकदा पुरेशी वर ठेवून द्यावी लागतात. खाचखळगा असा की वायरप्लंबर ०.४ चे नियम लुआ भाषेत असतात, तर ०.५ ने लुआची कॉन्फिगरेशन सोडून जेसनच्या धाटणीच्या कॉन्फ फाइली घेतल्या. उबुंटू २४.०४ आणि तिच्यावर आधारलेले मिंट २२ अजून ०.४ वर आहेत, डेबियन १३ मध्ये ०.५ आहे. चुकीच्या धाटणीचा नियम दुर्लक्षिला जातो.

एखाद्या प्रोग्रामचा आवाज वाढवला की मुख्य पट्टीही वर जाते, ही जुन्या पल्सऑडिओतली 'फ्लॅट व्हॉल्यूम'ची करामत. डीमन-डॉट-कॉन्फमध्ये 'फ्लॅट-व्हॉल्यूम्स'पुढे 'नो' लिहून ती बंद होते. पाइपवायरमध्ये ती नाहीच.

डमी आउटपुट : उपकरणांच्या यादीत फक्त 'डमी आउटपुट' दिसले तर सर्व्हरला कार्डच सापडलेले नाही. 'एप्ले'ला 'वजा एल' जोडून कर्नलला कार्ड दिसते का ते पाहावे. तिथेही रिकामे असेल तर फर्मवेअर, म्हणजे चिपला सुरू होताना लागणारे सॉफ्टवेअर, तपासावे. नव्या इंटेल लॅपटॉपना सॉफ फर्मवेअर लागते, जे डेबियनमध्ये 'फर्मवेअर-सॉफ-साइन्ड' या पॅकेजात मिळते. कार्ड दिसत असूनही सर्व्हरला मिळत नसेल तर वायरप्लंबर, पाइपवायर आणि पाइपवायर-पल्स या तिन्ही सेवा 'सिस्टिम-सीटीएल'ने 'युझर' पर्यायासह पुन्हा सुरू कराव्यात, रूटचा अधिकार देणारे सुडो न लावता. या सेवा वापरणाऱ्याच्या खात्यात चालतात, रूटच्या नाही. तरीही जुन्या पातळ्या चिकटून राहिल्या तर घरच्या फोल्डरातील लपलेल्या 'लोकल'मधल्या 'स्टेट'खालचे 'वायरप्लंबर' फोल्डर काढून लॉगआउट करावे. ते कोरे होऊन नव्याने बनते.

ब्लूटूथ व माइक : ब्लूटूथ हेडसेटचा आवाज मीटिंगमध्ये एकाएकी टेलिफोनसारखा बारीक होतो, कारण माइक मागितला की प्रोफाइल संगीतासाठीच्या ए-टू-डीपीवरून बोलण्यासाठीच्या हँड्स-फ्रीवर जाते आणि नमुना-दर ८ किंवा १६ किलोहर्ट्झवर येतो. हेडसेट कानाला आणि वेगळा यूएसबी माइक बोलण्याला, ही जोडी त्यापेक्षा बरी. माइकच्या बाजूला अल्सामिक्सरमध्ये एफ-४ दाबून 'कॅप्चर' आणि 'बूस्ट' पाहावे. बूस्ट १०-१० डेसिबलच्या पायऱ्यांनी ३० पर्यंत जातो. २० च्या वर कूलरचा पंखा बोलणाऱ्याच्या बरोबरीने ऐकू येऊ लागतो. मीटिंगच्या मध्येच माइकची पातळी आपोआप सरकत असेल तर ती ब्राउझर हलवत असतो. पाइपवायर-पल्सच्या कॉन्फिगरेशनमध्ये त्या ब्राउझरसाठी 'ब्लॉक-सोर्स-व्हॉल्यूम' हा नियम घातला की त्याचा हात तिथवर पोचत नाही.