वापरलेली आलिशान गाडी तपासायला बोलावताना: इंजिन थंड का हवे?

मर्सिडीज, बीएमडब्ल्यू किंवा ऑडीची वापरलेली गाडी घेण्याचे ठरवून जे ग्राहक आमच्याकडे तपासणीसाठी वेळ मागतात, त्यांना आम्ही फोनवर जे सांगतो तेच येथे सविस्तर लिहिले आहे. आर.सी. बुक, विमा, गाडीवरील कर्जाची नोंद आणि थकलेली चलने कशी पाहावीत, हे आपल्याला ठाऊक आहे असे आम्ही धरून चालतो. तपासणी वारंवार अर्धवट राहते आणि सर्वांचा दिवस वाया जातो तो एकाच कारणाने: आम्ही पोहोचण्यापूर्वीच गाडी सुरू करून, एक चक्कर मारून, इंजिन वॉश करून ‘तयार’ ठेवलेली असते. यात विकणाऱ्याचा हेतू वाईटच असतो असे नाही. पाहुणे येणार म्हणून घर आवरावे, तितक्याच सहजपणे गाडी आवरली जाते. परंतु त्यामुळे जे पाहायचे असते तेच नाहीसे होते.

रात्रभर उभ्या राहिलेल्या इंजिनातील तेल खाली उतरलेले असते आणि टायमिंग चेन (इंजिनाचे व्हॉल्व्ह योग्य वेळी उघडणारी-मिटवणारी साखळी) ताणून धरणाऱ्या टेन्शनरमधील तेलाचा दाबही गेलेला असतो. चेन सैल झाली असेल, तर सकाळी पहिल्यांदा स्टार्ट देताच एक-दोन सेकंद खडखड ऐकू येते. दाब तयार झाला की तो आवाज थांबतो आणि तापलेल्या इंजिनावर बहुधा परत येत नाही. बीएमडब्ल्यूच्या ३२०डी आणि ५२०डी या गाड्यांमध्ये २००७ नंतरची काही वर्षे जे एन४७ डिझेल इंजिन येत असे, त्यात ही चेन इंजिनाच्या मागच्या बाजूस, गिअरबॉक्सकडे आहे. त्यामुळे चेन बदलायची म्हणजे इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि हा खर्च कित्येकदा सौद्यात मिळवलेल्या सवलतीहून मोठा असतो. तो आवाज ऐकण्याची संधी दिवसातून एकदाच मिळते, म्हणून आम्ही तिच्याबाबत हट्टी आहोत.

धुराचेही तसेच आहे. व्हॉल्व्हचे सील झिजले असतील, तर रात्रभरात थोडे ऑइल सिलिंडरमध्ये उतरते आणि पहिल्या स्टार्टला सायलेन्सरमधून निळसर धूर येतो. मिनिटभरात तो विरतो. दुपारी बारा वाजता, दोनदा फिरवून आणलेल्या गाडीत तो दिसण्याची अपेक्षा ठेवू नये.

एअर सस्पेन्शनच्या, म्हणजे लोखंडी स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर तोललेल्या, गाड्यांबाबत तर रात्रीचा थांबा हीच खरी परीक्षा आहे. एखाद्या एअर स्प्रिंगला बारीक भेग असेल, तर गाडी सकाळपर्यंत त्या कोपऱ्यात बसते. इंजिन सुरू होताच कॉम्प्रेसर हवा भरतो आणि थोड्याच वेळात चारही चाके समान उंचीवर येतात, त्यामुळे नंतर पोहोचणाऱ्याला सर्व काही सुस्थितीत दिसते. हा कॉम्प्रेसर गळती भरून काढण्यासाठी सतत राबून शेवटी जळतो, आणि मग स्प्रिंगबरोबर त्याचाही खर्च येतो. गाडी शेजारच्या इमारतीत असेल आणि विकणाऱ्याची हरकत नसेल, तर आदल्या संध्याकाळी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर चारही बाजूंनी टेपने मोजून लिहून ठेवावे. सकाळी तीच मापे आम्ही पुन्हा घेतो. यासाठी कोणतेही महागडे उपकरण लागत नाही.

इंजिन वॉशला आमचा विरोध का, हेही अनेक जण विचारतात. टॅपेट कव्हरचे (इंजिनाच्या माथ्यावरील झाकणाचे) पॅकिंग, ऑइल फिल्टरच्या घराचे पॅकिंग आणि टर्बोकडे जाणारे पाइप येथून होणारी गळती आम्ही तिच्या मागावरून ओळखतो: धूळ कुठे चिकटली आहे, ओल ताजी आहे की जुनी, ती कुठून कुठे उतरली आहे. दाबाच्या पाण्याने तो माग पुसला जातो आणि नवा तयार व्हायला कित्येक दिवस लागतात. ‘गाडीखाली एकही डाग नाही’ हा पुरावाही या गाड्यांना लागू पडत नाही, कारण इंजिनाखाली मोठे आच्छादन असते आणि झिरपलेले ऑइल त्यातच साठते. म्हणून गाडी लिफ्टवर घेऊन ते आच्छादन उघडण्याची परवानगी आम्ही विकणाऱ्याकडून आधीच मागतो. बाहेरून गाडी धुण्यास आमची हरकत नाही. मात्र ती आदल्या दिवशी धुवावी, कारण ओल्या पत्र्यावर रंगातील फरक दिसत नाही.

गाडीच्या संगणकातील बिघाडाच्या नोंदी (एरर कोड) वाचणाऱ्या स्कॅनरविषयी एक गैरसमज रूढ आहे. ‘स्कॅन केली, एकही एरर नाही’ असे सांगितले जाते, परंतु एरर कोड पुसायला एक मिनिट पुरते. कोड पुसल्यावर गाडीच्या संगणकातील स्वयं-तपासणीच्या नोंदी मात्र ‘अपूर्ण’ अवस्थेत जातात आणि त्या पूर्ण होण्यासाठी गाडी अनेकदा थंड अवस्थेतून सुरू होऊन वेगवेगळ्या वेगाने चालावी लागते. कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली, हेही बहुतेक गाड्यांत वाचता येते. तो आकडा पंधरा-वीस निघाला, तर आम्ही अहवालात तसे स्पष्ट लिहितो आणि पुढील निष्कर्ष राखून ठेवतो. शिवाय साधा स्कॅनर बहुधा फक्त इंजिनाशी बोलतो. या गाड्यांत गिअरबॉक्स, ब्रेक, सस्पेन्शन, एअरबॅग, दरवाजे अशा प्रत्येक गोष्टीसाठी वेगळा नियंत्रक (छोटा संगणक) असतो, आणि अनेक नियंत्रक बिघाडाबरोबर त्या वेळचे किलोमीटरही नोंदवतात. मीटरवर ६२,००० दिसत असताना बिघाडाची नोंद ९०,००० वर झालेली आढळली, तर मीटरविषयी वेगळे काही सांगण्याची गरज उरत नाही. त्यासाठी आम्ही त्या त्या कंपनीच्या गाड्यांचे सर्व नियंत्रक वाचणारी यंत्रणा वापरतो.

तपासणी सुरू करताना आम्ही चावी फिरवण्यापूर्वी बोनेटला हात लावून पाहतो. मग इंजिन सुरू न करता कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान स्कॅनरवर वाचतो. रात्रभर उभ्या गाडीत ही दोन्ही तापमाने जवळपास सारखी असतात. कूलंट ६० अंशांवर आणि हवा ३० अंशांवर असेल, तर गाडी नुकतीच चालवली गेली आहे. अशा वेळी आपली इच्छा असल्यास आम्ही रंग, पत्रा आणि कागदपत्रे तपासतो, परंतु इंजिनाविषयी मत देत नाही. त्यासाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे लागते आणि त्या फेरीचे शुल्क वेगळे आकारले जाते. काही ग्राहकांना हे कठोर वाटते. परंतु तापलेल्या इंजिनावर दिलेल्या ‘ठीक आहे’ या शेऱ्यावर आपण पंधरा-वीस लाख रुपये लावणार असाल, तर तो शेरा न देणे हेच आमचे काम आहे.

रंगाविषयी थोडक्यात. कारखान्यातील मूळ रंगाची जाडी बहुधा १०० ते १५० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास असते. पुन्हा रंगवलेल्या भागावर ती सहज दुप्पट होते आणि पुट्टी भरलेल्या ठिकाणी त्याहून कितीतरी अधिक मोजली जाते. मात्र २०१४ नंतरच्या सी-क्लाससारख्या गाड्यांचे बोनेट, दरवाजे आणि छत अॅल्युमिनियमचे असल्याने चुंबकावर चालणारे स्वस्त मापक तेथे उपयोगाचे नाही. एखादा दरवाजा रंगवलेला असणे हा दोष नव्हे. छताचे खांब किंवा चासीच्या कडा रंगवलेल्या असणे हा मोठा दोष आहे.

पुराच्या पाण्याची शंका आम्ही प्रत्येक गाडीत घेतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि २०२१ मध्ये चिपळूण-महाडमध्ये कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. आलिशान गाड्यांचे अनेक नियंत्रक सीटखाली, गालिच्याखाली आणि डिकीच्या तळाशी असतात, म्हणून इतर गाड्यांपेक्षा यांना पाण्याचा घाव खोल लागतो आणि तो काही महिन्यांनी उघड होतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर गाळाची रेषा आहे का आणि सीटच्या रुळांवर गंज आहे का, हे आपण स्वतःही पाहू शकता.

दिल्लीची गाडी असेल, तर वयाकडे लक्ष द्यावे. दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवरील बंधने सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम केल्यापासून तेथील अनेक डिझेल गाड्या इकडे विक्रीस येऊ लागल्या. किंमत आकर्षक वाटते, परंतु परराज्यातील गाडी महाराष्ट्रात बारा महिन्यांहून अधिक ठेवायची तर पुन्हा नोंदणी करावी लागते, त्यासाठी ना-हरकत प्रमाणपत्र आणि येथील कर लागतो. हा हिशेब टोकन देण्यापूर्वी करावा.

आम्ही विकणाऱ्याकडून किंवा डीलरकडून कमिशन घेत नाही, आणि गाडी घेऊ नये असा अहवाल दिला तरी शुल्क तेवढेच राहते. शंभरपैकी गुण देण्याची पद्धत आम्ही ठेवलेली नाही, कारण ८५ गुण मिळालेल्या गाडीचा गिअरबॉक्सच खराब असू शकतो. त्याऐवजी प्रत्येक दोष, तो किती तातडीचा आणि दुरुस्तीचा अंदाजे खर्च किती, असे लिहून देतो. अनेक ग्राहक तोच कागद पुढे ठेवून किंमत कमी करून घेतात.

वेळ ठरवताना विकणाऱ्याला असे सांगावे: ‘गाडी उद्या संध्याकाळपर्यंत हवी तेवढी चालवा, मात्र परवा सकाळी आम्ही येईपर्यंत सुरू करू नका आणि इंजिन धुऊ नका.’ डीलरच्या यार्डात गाड्या रोज सकाळी पुढे-मागे हलवल्या जातात, तेव्हा आपली गाडी त्या दिवशी हलवू नये म्हणून आदल्या दिवशी पुन्हा फोन करावा. विकणारा याला तयार नसेल, तर आम्हाला तसे कळवावे. फेरी ठरवण्यापूर्वी आम्ही स्वतः त्याच्याशी बोलतो. आमच्याकडे सकाळच्या वेळा आधी भरतात. तपासणीला अडीच ते तीन तास लागतात, म्हणून नोंदणी क्रमांक, मॉडेलचे वर्ष, इंधन आणि गाडी उभी असण्याचे ठिकाण किमान दोन दिवस आधी पाठवावे.