गोचीडदंश, गर्भावस्थेतील

गोचीडदंश, गर्भावस्थेतील : गरोदर स्त्रीच्या त्वचेला गोचीड चिकटून रक्त शोषू लागल्यावर तेथे उमटणारी प्रतिक्रिया, दंशातून क्वचित होणारे ज्वर आणि या दोहोंवरील उपचार यांचा विचार येथे केला आहे. मराठवाड्यात देवणी व लाल कंधारी गोवंश, मराठवाडी म्हैस आणि उस्मानाबादी शेळी घरोघरी पाळली जाते. गोठ्याची झाडलोट, शेणकाला व धारा काढणे ही कामे बहुधा स्त्रियाच करतात आणि गरोदरपणातही ती थांबत नाहीत. बीड व लगतच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या कोप्या तर बैलांच्या दावणीलगतच असतात.

गोचिडीच्या लाळेत रक्त गोठू न देणारी व दंशाची जागा बधिर करणारी द्रव्ये असल्याने चावा पुष्कळदा लक्षातही येत नाही. नंतर लाली, खाज व लहानशी गाठ येते. मुखांगाचा तुकडा त्वचेत राहिल्यास ती गाठ काही आठवडे टिकू शकते. गोचीड बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून, न पिळता, संथपणे सरळ ओढून काढावी व जागा साबण-पाण्याने धुवावी. रॉकेल ओतणे किंवा जळती काडी लावणे टाळावे, कारण त्यामुळे त्वचा भाजते आणि गोचिडीची लाळ जखमेत उतरण्याचा संभव वाढतो. खाजेसाठी थंड पाण्याची घडी, कॅलामाइन, सौम्य हायड्रोकॉर्टिसोन मलम, तसेच वैद्यकीय सल्ल्याने सेटिरिझिन गर्भावस्थेत चालते. धनुर्वाताच्या लसीची नोंद माता-बाल संरक्षण कार्डावर पाहावी. अंगभर गांधी उठून धाप लागल्यास तो तीव्र अधिहर्षतेचा (जिवावर बेतणाऱ्या ॲलर्जीचा) प्रसंग समजून ॲड्रेनलिन द्यावेच लागते. गर्भ आहे म्हणून ते रोखू नये.

ज्वरांपैकी येथे विशेष महत्त्वाचा तो भारतीय गोचीड टायफस. त्याचे वर्णन सामान्यतः विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकातील मेगॉ यांच्या निरीक्षणांपर्यंत मागे नेले जाते. त्याचा कारक जंतू भूमध्य प्रदेशातील ज्वराच्या रिकेट्सिया कोनोराय या जीवाणूशी एकरूप मानावा की स्वतंत्र, हा वाद बराच काळ चालला. २००५ मध्ये त्याला ‘इंडिका’ ही उपजाती म्हणून स्थान देण्यात आले आणि ही मांडणी अधिक ग्राह्य वाटते. ताप, तीव्र डोकेदुखी व अंगदुखी यांनंतर काही दिवसांनी पुरळ येते व ते तळहात-तळपायांवरही दिसते. दंशस्थानीची काळी खपली भारतीय रुग्णांत पुष्कळदा आढळत नाही, म्हणून ती नसल्यावरून निदान नाकारू नये. वाइल-फेलिक्स ही रक्तचाचणी सहज होते, परंतु ती पुरेशी विश्वसनीय नाही. प्रबळ संशय असल्यास अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू करणे इष्ट ठरते. स्क्रब टायफस हा माइट या अतिसूक्ष्म कीटकसदृश जीवाच्या अळ्यांमुळे होणारा वेगळा आजार असला, तरी दोन्हींची लक्षणे मिळतीजुळती असतात.

औषधाची निवड हा यातील सर्वांत वादग्रस्त भाग आहे. डॉक्सिसायक्लिन हे टेट्रासायक्लिन गटातील प्रतिजैविक या ज्वरांवरील मुख्य औषध. तथापि टेट्रासायक्लिन गटातील द्रव्ये कॅल्शियमशी बांधली जाऊन दुसऱ्या तिमाहीपासून गर्भाच्या दातांत साचतात, या जुन्या अनुभवामुळे संपूर्ण गटच गरोदर स्त्रियांसाठी वर्ज्य ठरला. डॉक्सिसायक्लिन कॅल्शियमशी कमी बांधले जाते आणि त्याच्यावर जुन्या औषधांचे दोष सरसकट लादणे योग्य नाही, असे अलीकडील अभ्यासकांचे मत आहे. जीव धोक्यात असता ते देण्याकडे कल दिसतो. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१५ च्या मार्गदर्शनात मात्र गरोदर स्त्रीसाठी ॲझिथ्रोमायसिन, रोज ५०० मिग्रॅ., ५ दिवस, असे सुचविले आहे व जीव धोक्यात नसलेल्या गरोदर रुग्णात तोच मार्ग श्रेयस्कर होय. क्लोरॅम्फेनिकॉल प्रसूतीच्या सुमारास दिल्यास नवजातास घातक ठरू शकते. तापासाठी पॅरासिटामॉल योग्य. आयबुप्रोफेन २० आठवड्यांनंतर टाळावे. उपचाराविना राहिलेल्या रिकेट्सियाजन्य ज्वरात गर्भपात, अकाली प्रसूती व मृतजन्म संभवतात, म्हणून औषधाच्या भीतीपेक्षा विलंबाची भीती मोठी मानली पाहिजे.

गोचिडीमुळे पसरणारा क्यासनूर जंगल ज्वर महाराष्ट्रात सिंधुदुर्गाच्या जंगलपट्ट्यात आढळला आहे. मराठवाड्यातील साध्या दंशाशी त्याचा संबंध जोडणे घाईचे होईल. लाइम रोग भारतात विरळ आहे.

प्रतिबंधासाठी गोठ्याच्या भेगा बुजवणे, अंगभर कपडे वापरणे आणि काम संपल्यावर काख, जांघ व कानामागची जागा तपासणे उपयुक्त ठरते. जनावरांवर ॲमिट्राझ किंवा सायपरमेथ्रिन या गोचीडनाशकांची फवारणी घरातील अन्य व्यक्तीने करावी व औषध वाळेपर्यंत गरोदर स्त्रीने गोठ्यात जाऊ नये.