व्होल्ट बरोबर होते, तरी लेसर मेला

आमच्या यवतमाळकडं तुरीत रानडुकरं शिरतात. त्यांना हाकलायला शेजारच्या पोरानं हातात धरायचा निळा लेसर बनवायला घेतला. त्यातला डायोड, म्हणजे विजेवर किरण सोडणारा बारका तुकडा; त्याच्या कागदावर ४.८ व्होल्टपर्यंतचा आकडा, पॉवर बँक ५ व्होल्टची, म्हणजे जवळपास तेवढीच. जोडल्या तारा. भिंतीवर झगझगीत ठिपका आला अन् गेला. "काका, व्होल्ट तर बरोबर होते न?"

इथंच सगळे फसतात. बल्बला व्होल्ट जुळले की झालं. डायोड मात्र ठराविक व्होल्टचा उंबरठा ओलांडेपर्यंत जवळजवळ काहीच घेत नाही आणि ओलांडला की सुटतो. ४.३ व्होल्टला १ अँपिअर घेणारा डायोड ५ व्होल्टला दुपटीवर जाऊ शकतो. त्यात तो तापतो. तापला की तेवढाच प्रवाह त्याला कमी व्होल्टला चालतो, म्हणजे व्होल्ट तेच ठेवले तर प्रवाह आणखी वाढतो, आणखी तापतो. उतारावर ब्रेक नसलेली बैलगाडीच. प्रकाश बाहेर पडतो ती कड काही मायक्रोमीटर रुंद. तिथल्या प्रखर उजेडानं तीच वितळते. मग उरतो एलईडीसारखा मिणमिणता निळा उजेड, किरण नाही.

म्हणून मध्ये ड्रायव्हर लागतो. तो एका बारक्या रोधावरचा व्होल्टेज सतत मोजून प्रवाह १ अँपिअरवर धरून ठेवतो. व्होल्ट किती लागतील ते डायोडचं डायोड ठरवतो. लिथियम सेल भरलेला ४.२ व्होल्ट आणि उतरत ३ पर्यंत येतो, त्यामुळं एका सेलवर व्होल्ट वाढवणारा ड्रायव्हर हवा. डायोड तांब्याच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यात घट्ट बसवावा, कारण दिलेल्या विजेतला अर्ध्याहून जास्त भाग नुसती उष्णता होतो.

बाजारात "५०,००० मिलिवॅट, १० किलोमीटर" छापलेले लेसर मिळतात. नळीएवढ्या बॅटरीतून ते कुठून येणार, बाप्पा? आणि रात्री झाडावर निळा ठिपका दिसला म्हणून चकवा लागला म्हणणाऱ्यांनाही सांगतो, चकव्याला बॅटरी लागत नसते.

डोळ्याचं मात्र गमतीवारी नेऊ नका. साधा पॉइंटर फार तर ५ मिलिवॅटचा, हा दीड वॅटचा. पापणी मिटायच्या आत पडदा जळतो, पितळी गुंडावरून उलटलेल्या किरणानंसुद्धा. निळी तरंगलांबी अडवणारा खास चष्मा हवा. जत्रेतला काळा चालत नाही.

पोरानं ड्रायव्हर आणला, डायोड न जोडताच चालू करून पाहिला, मग जोडला. दुसराही गेला. मोकळ्या ड्रायव्हरच्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, व्होल्ट साठून बसले होते, ते एकदम डायोडवर आले. तिसऱ्या वेळी त्यानं बॅटरी काढली, कपॅसिटर रोधातून रिकामा केला, मग डायोडला डाग दिला.