जॉकी हॉलोची बर्फातली फोटो-सहल : निघण्यापूर्वी वाचा

नाव नोंदवताना बहुतेक जण विचारतात, "व्हॅली फोर्ज सोडून इथे का?" अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धात जॉर्ज वॉशिंग्टनच्या सैन्याची हिवाळी छावणी म्हणून व्हॅली फोर्जचं नाव मोठं, पण त्या सैन्याला बर्फाने खरं झोडपलं ते इथे जॉकी हॉलोच्या छावणीत, न्यू जर्सीतल्या मॉरिसटाऊनजवळ, १७७९-८० च्या हिवाळ्यात. तेव्हा न्यूयॉर्कचं बंदरसुद्धा गोठलं होतं. सैनिकांनी आसपासचं जंगल तोडून ओंडक्यांच्या हजारावर झोपड्या बांधल्या. आज टेकडीच्या उतारावर दिसणाऱ्या पाच झोपड्या मूळच्या नाहीत, नंतर पुन्हा उभारलेल्या आहेत. आधीच सांगितलेलं बरं.

सगळ्यांचा एक फोटो हमखास फसतो : बर्फ राखाडी येतो. कॅमेऱ्याचं मीटर समोरचं सगळं मध्यम उजेडाचं धरून चालतं, त्यामुळे इतकं पांढरं दिसलं की ते फोटोतला उजेड कमी करतं. एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (फोटोचा उजेड हाताने कमी-जास्त करायची सोय, खूण +/-) +१ वर ठेवा, ऊन असेल तर +१.७ पर्यंत न्या आणि हिस्टोग्राम (फोटोतला उजेड दाखवणारा आलेख) उजव्या कडेला आपटत नाही ना ते पाहा. मोबाइलवर बर्फावर बोट टेकवून उजेडाची पट्टी वर सरकवा. ओंडके काळपट राहिले तर राहू द्या. काळं लाकूड, फटींतला मातीचा लेप आणि छपरावरचा पांढरा थर हाच तर फोटो आहे. आम्ही सकाळी लवकर नेतो ते त्यासाठीच. तिरप्या उन्हात ओंडक्यांची गोलाई उठून दिसते, दुपारी सगळं सपाट.

लांबून घ्यायचे फोटो आधी घ्या. एकदा बर्फ तुडवला की गेला! मग आत जा. एवढ्याशा खोलीत बारा जण राहत, हे रिकाम्या चौकटीत कळत नाही. झोपायच्या लाकडी फळ्यांजवळ सोबतच्या कुणाला तरी उभं करा. आत अंधार, दाराबाहेर लख्ख उजेड, म्हणून ट्रायपॉडवर कमी-जास्त एक्सपोजरचे (उजेडाचे) तीन फोटो घ्या, नंतर ते एकात एक जोडता येतात.

गारठ्यात बॅटरी भराभर उतरते. जादाची बॅटरी आतल्या खिशात ठेवा. परत गाडीत बसण्यापूर्वी कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करा आणि तो गाडीच्या उबेला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर लेन्सवर दव धरतं.

छपरांवर, भिंतींवर चढू नका. राष्ट्रीय उद्यानात ड्रोनला बंदी आहे. बर्फामुळे उद्यानातले रस्ते बंद असले तर आदल्या संध्याकाळी कळवू आणि सहल पुढे ढकलू. भरलेले पैसे बुडत नाहीत.