गाइडचं लायसन काढताय? आधी किल्ला कोणाचा ते विचारा

वीस-वीस वर्षं गडावर लोकांना इतिहास सांगणारी माणसं अर्ज घेऊन येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "फोटो किती लागतील?" चार ठेवा. फोटोपायी अर्ज परत आलेला मी तरी पाहिला नाही. अर्ज परत येतात ते दोन कारणांनी. एक तर ते चुकीच्या कचेरीत गेलेले असतात, नाहीतर कागदांवरची नावं एकमेकांशी जुळत नसतात.

आधी कचेरी. जुलै 2025 मध्ये मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारसा यादीत गेले आणि तेव्हापासून चौकशा वाढल्या. पण यादी एक असली तरी मालक एक नाही. शिवनेरी, लोहगड, रायगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, म्हणजे केंद्राकडे. साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड हे राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे. राजगडासाठीचा अर्ज केंद्राच्या कचेरीत दिलात तर तो नामंजूरही होत नाही, नुसता पडून राहतो, आणि तुम्ही तीन महिने "काम चालू आहे" ऐकत बसता. केंद्राच्या स्मारकांतही मंडळं, म्हणजे विभागीय कचेऱ्या, वेगळी आहेत. अजिंठा-वेरूळ छत्रपती संभाजीनगरच्या मंडळात, तर घारापुरी, रायगड, सिंधुदुर्ग मुंबई मंडळात. गडाच्या दाराशी निळा फलक असतो, त्यावर कोणत्या खात्याचं नाव आहे ते वाचून मगच अर्जाचा मायना लिहा.

लायसन लागतंच का, असंही विचारतात. केंद्राच्या संरक्षित स्मारकांना 1959 चे नियम लागू आहेत. त्यातला नियम 8 सांगतो की पैसे घेऊन पाहुण्यांना स्मारक दाखवायचं तर पुरातत्त्व अधिकाऱ्याचा परवाना हवा. "आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इथलेच" हे खरं असतं, पण पहारेकऱ्यापुढे ते चालत नाही.

आणि इथेच सगळ्यात मोठा घोळ होतो. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाचा गाइडगिरीचा ऑनलाइन अभ्यासक्रम आहे. 18 पूर्ण आणि बारावी झालेल्याला तो करता येतो. करा, चांगला आहे. पण कोर्सचं प्रमाणपत्र आणि अमुक स्मारकात फिरवायची परवानगी हे एकच समजू नका. फी भरण्याआधी संबंधित मंडळात लेखी विचारा, की हे प्रमाणपत्र इथे धरलं जाईल का. तोंडी उत्तर देणारा साहेब पुढच्या वेळी बदलून गेलेला असतो.

आता नावं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं, पॅनवर वडिलांचं नाव गायब. बायकांचं तर विचारूच नका: दाखला माहेरच्या नावाचा, आधार सासरच्या. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र असेल तर ते जोडा. नुसती लग्नपत्रिका जोडून आलेली एक ताई दोनदा परत गेली. शुद्धलेखनाचा फरक असेल तर आधार दुरुस्त करणं सगळ्यात सोपं. नाव मुळातच वेगळं असेल तर राजपत्रात नावबदल. त्याला वेळ लागतो, म्हणून परवान्याचे अर्ज मागवणारी जाहिरात निघायची वाट न बघता आजच सुरुवात करा. पोलिसांकडचा चारित्र्य पडताळणीचा दाखला मागितला असेल तर त्याचंही तेच. अर्ज ऑनलाइन होतो, पण पुढे ठाण्यात कागद दाखवायला जावं लागतं, आणि लोक शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी तिथे रांग लावतात.

अनुभवाचा दाखला मात्र कोणाकडेच नसतो. रोखीत चाललेल्या धंद्याची पावती कोण देणार? मागितलाच, तर ग्रामपंचायतीचं पत्र, ज्यांच्या सहली तुम्ही नेल्या त्या शाळांची पत्रं, हॉटेलवाल्याचं किंवा होडीवाल्यांच्या संस्थेचं पत्र, असं जमवा. यापुढे प्रत्येक सहलीनंतर शाळेच्या लेटरहेडवर दोन ओळी मागून घ्या. सर लोक हौसेने देतात.

हा खटाटोप कशाला, ते 2021 मध्ये कळलं. कोविडनंतर केंद्राने गाइडांसाठी सरकारी हमीवरच्या 1 लाखापर्यंतच्या कर्जाची योजना आणली, पण ती केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने किंवा राज्याने मान्यता दिलेल्या गाइडांपुरती. बिनकागदाचे गाइड तितकेच उपाशी होते. फक्त सरकारदरबारी ते गाइडच नव्हते.

लायसन लांबलं तरी ई-श्रमची, म्हणजे असंघटित कामगारांसाठीची केंद्र सरकारची, नोंदणी करून ठेवा. वय 16 ते 59, पीएफ किंवा ईएसआय नसावा, नोंदणी फुकट. व्यवसायाच्या रकान्यात नोंदणी करून देणारा माणूस सवयीने 'शेतमजूर' टाकतो, तिथे 'ट्रॅव्हल गाइड' शोधायला लावा. आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू हवा, नाहीतर ओटीपी कुठल्या तरी बंद सिमवर जाईल.

असंघटित कामगारांसाठीची श्रमयोगी मानधन पेन्शन घेणार असाल तर वयाची अट नीट वाचा: 18 ते 40. साठीनंतर पेन्शन सुरू होते म्हणून पन्नाशीतले लोक फॉर्म घेऊन येतात, त्यांना परत पाठवताना वाईट वाटतं. महिन्याची कमाई 15,000 पर्यंत हवी. साठीनंतर महिना 3,000 मिळतात, पण तोवर हप्ता दर महिन्याला खात्यातून आपोआप कापला जातो. पावसाळ्यात सिंधुदुर्गाच्या होड्या बंद असतात, खातं रिकामं असतं आणि हप्ता चुकतो. मे महिन्याची कमाई हातात असतानाच चार महिन्यांचे पैसे त्या खात्यात टाकून ठेवा.